हलवलेली देवळं

आईचं माहेर उजनीच्या पाण्यात आहे. जुनं पळसदेव. धरण १९८० साली पूर्ण झालं, पण भीमेचं पाणी त्याआधीच गावात चढायला लागलं होतं. आई तेव्हा लग्न होऊन सासरी गेलेली. गाव उठताना आपण तिथं नव्हतो, ही गोष्ट तिला अजून टोचते. उन्हाळा कडक गेला आणि धरण तळाला लागलं की पळसनाथाच्या देवळाचं शिखर पाण्याबाहेर येतं. पाणी आणखी उतरलं तर अख्खं देऊळ उघडं पडतं. अशा वर्षी आई हमखास जाते. देव आता नव्या गावात आहे, देऊळ जागच्या जागी राहिलं.

हे आधी सांगितलं, कारण इजिप्तला जायचं ठरल्यावर मी नासर सरोवराचाच हट्ट का धरला, ते त्याशिवाय कळणार नाही. आपल्याकडच्या बहुतेक सहली कैरो, पिरॅमिड, लक्झर ते अस्वान बोट आणि शेवटी बसने धावत-पळत अबू सिंबेल अशा असतात. पण अस्वानच्या वर, धरणाच्या पाठीमागच्या पाण्यात, म्हणजे नासर सरोवरात, दुसऱ्या बोटी चालतात. त्या तीन रात्रींत अस्वानहून अबू सिंबेलला जातात आणि वाटेत वाळवंटाच्या काठावरची नुबियातली, म्हणजे दक्षिण इजिप्त आणि उत्तर सुदानमधल्या नाईलकाठच्या मुलखातली, देवळं दाखवतात. ही सगळी देवळं एके काळी बुडणार होती आणि तिथून उचलून दुसरीकडे ठेवलेली आहेत. आईला मी एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "उचलून म्हंजे? अख्खं देऊळ?" मग तिने गुडघ्याचे पट्टे आणि कॅनव्हासचे बूट आणायला लावले.

नोव्हेंबर निवडला तो उन्हासाठी. तरी दुपारी तिशीच्या वर पारा होता आणि हवा इतकी कोरडी, की आईचे ओठ दुसऱ्या दिवशीच फुटले. सत्तरीच्या माणसाला घेऊन कुणी जाणार असेल तर साजूक तुपाची छोटी डबी बरोबर ठेवावी. आम्हाला तिचाच आधार झाला. कैरोबद्दल पुष्कळ लिहून झालंय, म्हणून मी थेट अस्वानवर येते.

आम्ही चौदा जण होतो. पुण्या-मुंबईचे बरेच, एक सोलापूरचं जोडपं, एक निवृत्त पाटबंधारे अभियंता. बोटीवर आमचा गाईड भेटला. तिशीतला, सावळा, उंच, स्वतः नुबियन. पहिल्या पाच मिनिटांत त्याने आईचा हात धरून तिला बोटीच्या फळीवरून आत घेतलं आणि "या हागा" अशी हाक मारली. हागा म्हणजे हज करून आलेली बाई, पण तिकडे कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला मानाने तसं म्हणतात. आई त्याला "बाळा" म्हणायला लागली. तो इंग्रजी बोलायचा, मी मराठी करून सांगायचे. पण पुष्कळदा त्याची गरजच पडली नाही. बक्षीस, साबण, संदूक, खलास हे शब्द तिकडे रोजचे आहेत. बोटीवरचा वाढपी ताट उचलताना "खलास?" असं विचारायचा आणि आई "खलास" म्हणायची.

निघण्याआधी उंच धरणावर नेलं. अस्वानचं पहिलं धरण १९०२ चं. त्याची उंची १९१२ मध्ये आणि पुन्हा १९३३ मध्ये वाढवली, आणि दर वेळी नुबियातल्या लोकांनी घरं वरच्या अंगाला नेली. हे दुसरं, उंच धरण १९६० ते १९७० या काळात झालं. दगड, वाळू आणि मधे चिकणमातीचा गाभा असा तो बांध आहे. उंची १११ मीटर, लांबी पावणेचार किलोमीटरहून जास्त आणि तळाची रुंदी जवळजवळ एक किलोमीटर. पाटबंधारेवाले काका कठड्याला टेकून बराच वेळ खाली बघत होते. त्यांनी मनातल्या मनात हिशेब करून सांगितलं, की आपली ११७ टीएमसीची उजनी यात चाळीसेक वेळा तरी मावेल. पाणी दक्षिणेला सुमारे पाचशे किलोमीटर पसरलंय, त्याचा शेवट सुदानमध्ये आहे. आईने विचारलं, "ह्याच्यात किती गावं गेली?" गाईडने आकडा गावांचा दिला नाही. म्हणाला, इजिप्तच्या बाजूची पन्नास हजार माणसं, जवळपास तेवढीच सुदानच्या बाजूची. मग हळूच म्हणाला, "त्यांत माझी आजी."

पहिलं देऊळ धरणाच्या अगदी जवळ, कलाब्शाचं. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात मांडुलिस या नुबियन देवासाठी बांधलेलं. पश्चिम जर्मनीच्या लोकांनी १९६२-६३ मध्ये ते उतरवलं, सुमारे १३ हजार दगडांना नंबर घातले, होड्यांनी वर आणले आणि पुन्हा रचले. आतल्या भिंतीला मी नाक लावून सांधे शोधत होते. सापडतात, पण आधी कुणीतरी सांगावं लागतं. गाईडने आम्हाला बाहेर सावलीत बसवून काठीने वाळूत नदी काढली, तिच्या दोन्ही काठांना देवळांच्या जागी खडे ठेवले आणि सांगायला सुरुवात केली.

८ मार्च १९६० रोजी युनेस्कोने जगाला हाक दिली. नुबियाचं सगळं खोरं काही वर्षांत पाण्याखाली जाणार होतं, हातात वेळ थोडा आणि इजिप्त-सुदानकडे पैसा अपुरा होता. पुढची वीस वर्षं ही मोहीम चालली. देशोदेशीचे लोक आले. आपलेही गेले होते: भारतीय पुरातत्त्व खात्याचं पथक बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली अफियेह इथं खणत होतं, त्यांना नाईलच्या काठच्या थरांत अश्मयुगीन हत्यारं मिळाली आणि एका जुन्या दफनभूमीत शंभरावर थडगी. हे आम्हा चौदा जणांत कुणालाच ठाऊक नव्हतं. मदत करणाऱ्या देशांना इजिप्तने काही लहान देवळं चक्क भेट दिली. देबोदचं आज माद्रिदमध्ये आहे, देंदूरचं न्यूयॉर्कमध्ये, तफेहचं हॉलंडमध्ये लायडनला. गाईड एकेक खडा उचलायचा आणि नदीपासून लांब, दूर कुठंतरी टाकायचा. शेवटी वाळूतल्या नदीच्या काठावर फार थोडे खडे उरले.

मग बोट सुटली. त्या पाण्यावर पहिली संध्याकाळ कशी असते ते सांगणं अवघड आहे. काठाला ना गाव, ना झाड, ना दिवा. नाईलच्या खालच्या अंगाला खजुरांच्या रांगा, ऊस, म्हशी, पोरं असं सगळं दिसतं. इथं वाळूचा डोंगर उतरतो तो थेट पाण्यात. किनारा अजून किनारा झालेला नाही असं वाटतं. साठ वर्षांचं पाणी ते, त्याला काठ कुठून असणार? बुडाले ते मुळात डोंगराचे माथे नव्हेत, खाली जे काही होतं ते. आपण बोटीने शेतांवरून, घरांवरून, खजुरांच्या बनांवरून चाललोय, हे आईने माझ्या आधी ओळखलं. जेवणाच्या टेबलावर ती एकदम म्हणाली, "आपण कुणाच्या तरी घरावर बसून जेवतोय गं."

रात्री डेकवरचे दिवे मालवले. नऊच्या सुमारास पूर्वेला मृग वर आला आणि त्याच्या मागोमाग व्याध. आईने बोट दाखवलं तेव्हा गाईड खुर्ची ओढून जवळ आला. मृगातला तो आकार त्यांच्या प्राचीनांना ओसायरिस या देवाचा वाटायचा. व्याध पहाटे पुन्हा दिसू लागला की नाईलला पूर यायचा, आणि त्यावर त्यांचं वर्ष ठरायचं. आपल्याकडे मृग लागला की पाऊस. आईने त्याला मृगाचे किडे, पेरणी, पहिल्या पावसाचा वास सगळं सांगितलं आणि मी जमेल तसं इंग्रजीत केलं. धरण झाल्यापासून तो पूर खाली येत नाही. चांदण्या मात्र तितक्याच दाट होत्या. मी आयुष्यात इतक्या चांदण्या एका वेळी पाहिल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी वादी एस-सेबुआ, म्हणजे सिंहांची दरी. सकाळी सहाला लहान होडीने उतरलो. वाळूत पाऊल घोट्यापर्यंत जातं, आईला दोघांनी दोन बाजूंनी धरलं. पुढे सिंहाच्या धडाच्या स्फिंक्सांची दुतर्फा रांग, तिच्यावरूनच हे नाव पडलं. देऊळ इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याचं, त्याच्या सेताऊ नावाच्या नुबियातल्या सुभेदाराने बांधवून घेतलेलं. मूळ जागेपासून चारेक किलोमीटर पश्चिमेला आणून ठेवलंय. पुढे ख्रिस्ती लोकांनी या देवळाचं चर्च केलं. गाभाऱ्यात जुन्या मूर्तींवर त्यांनी गिलावा चढवला आणि मधे संत पीटरचं चित्र काढलं. नंतर बाजूचा गिलावा पडला, पीटर तेवढा राहिला. म्हणून आज तिथं दोन्ही बाजूंनी रामसेस हात पुढे करून फुलं वाहतोय, आणि ती पोचतात हातात मोठी किल्ली घेतलेल्या पीटरला. मी त्या भिंतीपुढे बराच वेळ उभी होते. पीटरच्या चेहऱ्यावरचा रंग पिवळसर, डोळे मोठे, किल्लीची दांडी जाड. रामसेसची बोटं मात्र दगडात इतकी बारीक कोरलेली, की नखंही मोजता येतील.

तिथून वाळवंटातून किलोमीटरभर चालत दक्काचं देऊळ, थोथ या ज्ञानदेवतेचं. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी उंट होते. आई चालली. सकाळचे नऊ वाजले होते आणि वाळूवरून नुसती झळ येत होती. दक्काच्या दरवाजाच्या मनोऱ्यात आतून जिना आहे, वर गेलं की एकीकडे निळं पाणी आणि दुसरीकडे नजर पोचेल तिथवर रेती. या देवळाच्या बांधकामात मेरोई या नुबियन राज्याच्या राजाचं नाव आहे आणि इजिप्तच्या टॉलेमी राजांचंही. नुबिया म्हणजे इजिप्तचं मागचं अंगण, असा माझा शाळेपासूनचा समज होता. तो तिथं पुसला गेला. त्या लोकांचे स्वतःचे राजे होते, देव होते, लिपी होती. महर्रकाचं लहान, अर्धवट राहिलेलं रोमन देऊळ आम्ही दहा मिनिटांत आटोपलं, ऊन सोसवेना.

तिसऱ्या दिवशी अमादा. मला विचाराल तर या सगळ्या प्रवासातलं सर्वांत सुंदर देऊळ हे. बाहेरून काहीच नाही, दगडी पेटीसारखं दिसतं. तिसरा थुटमोस आणि त्याचा मुलगा दुसरा आमेनहोतेप या राजांनी बांधलेलं, म्हणजे जवळजवळ साडेतीन हजार वर्षांचं, आणि या सरोवराच्या काठच्या देवळांत सर्वांत जुनं. आत गेल्यावर मात्र रंग. तांबूस कातडी, पांढरी वस्त्रं, पाखरांच्या पिसांचा निळा. ते रंग आणि कोरीवकाम इतकं नाजूक, की कापून तुकडे केले असते तर संपलंच असतं. म्हणून फ्रेंचांनी तो भाग न कापता अख्खाच्या अख्खा लोखंड आणि काँक्रीटच्या पट्ट्यांत बांधला, खाली तीन रूळ घातले आणि जॅकांनी तसूतसूने रेटत अडीच किलोमीटरच्या वर लांब आणि साठेक मीटर उंच नेला. वजन सुमारे ९०० टन. काका हे ऐकताना अक्षरशः टाचा उंचावून उभे होते. त्यांनी गाईडला चढाचा उतार, रुळांमधलं अंतर, जॅक किती असे दहा प्रश्न विचारले, आणि आईने मला विचारलं, "मग आमचं का नाही गं उचललं?" मी म्हटलं, आई, पैसा. ती म्हणाली, "पैशाचं न्हाई. कुणी इचारलंच न्हाई."

अमादाच्या रखवालदाराने, तिकडे त्याला गफीर म्हणतात, आईला पाणी आणून दिलं. त्याने बक्षिसासाठी हात पुढे केला नाही, म्हणून आईने मुद्दाम दिलं. शेजारीच देरचं देऊळ, रामसेसचं, डोंगरात खोदलेलं. हे पूर्वी नदीच्या पलीकडच्या काठावर होतं. मग पेन्नुत नावाच्या अधिकाऱ्याची कबर, तिथल्या भिंतींचे बरेच तुकडे चोरांनी खरवडून नेलेत. पाण्यापासून वाचवलं आणि माणसांपासून वाचलं नाही, हे बघून मला फार वाईट वाटलं.

दुपारी एक कटू प्रसंग झाला. आमच्या छापील कार्यक्रमात 'कस्र इब्रिम किल्ला, प्रवेशासह' असं स्पष्ट लिहिलं होतं. बोट किल्ल्याजवळ आली, हळू झाली, भोंगा वाजला आणि पुढे निघाली. गाईडने सांगितलं, की इथं उतरायला परवानगी नाही, बोटीवरूनच बघतात. सहल कंपनीला हे माहीत असणारच. फोन केला तर उत्तर आलं, की छपाईची चूक. चौदा माणसांनी पैसे भरून सोसलेली ती चूक होती. असं जाणाऱ्यांनी कार्यक्रमातल्या प्रत्येक जागेपुढे 'उतरणार की बोटीवरून' हे लेखी विचारून घ्यावं. आमचा राग गाईडवर निघायला नको होता, पण दोघांचा निघाला. तो ऐकून घेत राहिला.

आणि कस्र इब्रिम बोटीवरूनही पुरेसं आहे, हे मला नंतर जाणवलं. सरोवराकाठच्या या सगळ्या जागांत तेवढी एकच जागची हललेली नाही. पूर्वी तो नदीवरचा उभा, उंच कडा होता. आता पाणी त्याच्या माथ्याला भिडलंय आणि कड्याचं बेट झालंय. वर मोठ्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत. त्या कोरड्या मातीत हजारो वर्षांचे कागद टिकले होते. ग्रीक, लॅटिन, कॉप्टिक, जुनी नुबियन, अरबी, सगळ्या भाषांतले. पाणी आलं आणि खालच्या थरांना ओल लागली. आई कठड्याशी उभी राहून हात जोडत होती. तिला ते चर्च आहे, देऊळ आहे की मशीद, याच्याशी काही घेणं नव्हतं. पाण्यात उभं आहे एवढं पुरे होतं.

अबू सिंबेल बोटीतून येताना पाहावं. बसने आलं तर डोंगराच्या पाठीमागून चालत जावं लागतं आणि मग एकदम कोपऱ्यावर दिसतं. पाण्यातून ते आधी डोंगरातला पिवळा डाग असतं, मग चार ठिपके होतात, मग चार बसलेली माणसं. वीस-वीस मीटरची, चारही रामसेसच. त्यांतल्या दुसऱ्याचं धड वरून तुटलंय, प्राचीन काळीच भूकंपात.

पहाटे आम्ही अस्वानच्या बसगाड्या पोचायच्या आधी दाराशी होतो. इथं गाईडला आत बोलू देत नाहीत, त्याने बाहेरच ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. १९६४ ते १९६८. आधी पाणी अडवायला देवळापुढे बांध घातला. चेहऱ्यावर दगड पडू नयेत म्हणून मूर्ती वाळूत पुरल्या. वरचा डोंगर काढला. मग करवती. यंत्राने आणि जिथं नक्षी आहे तिथं हाताने, कारण दर्शनी बाजूला काप अगदी बारीक ठेवायचा होता. इटलीच्या संगमरवराच्या खाणीतले कारागीर त्यासाठी आणले. दोन देवळांचे मिळून हजारावर ठोकळे झाले, एकेक वीस-तीस टनांपर्यंतचा. ते ६५ मीटर वर आणि दोनशे मीटरच्या आसपास मागे नेऊन पुन्हा जोडले. पाठीशी जो डोंगर दिसतो तो पोकळ आहे, आत काँक्रीटचा घुमट आहे. वर्षातून दोनदा, २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरच्या सुमारास, सूर्याचा किरण साठेक मीटर आत गाभाऱ्यात पोचतो आणि चारांपैकी तीन मूर्तींवर पडतो. चौथा प्ताह अंधारातला देव, त्याला अंधारातच ठेवलंय. हेही त्यांनी नव्या जागी जमवलं.

आत जाऊन आम्ही भिंतीवर कोरलेली कादेशची लढाई पाहिली, रथावरचा रामसेस, पळणारे घोडे. शेजारच्या राणी नेफरतारीच्या देवळात तिच्या मूर्ती राजाच्या उंचीच्या आहेत, गुडघ्याएवढ्या नाहीत. आईला त्या फार आवडल्या. पण माझ्या मनात रुतली ती वेगळीच गोष्ट. दुसऱ्या मूर्तीचं तुटलेलं डोकं आणि खांद्याचे तुकडे तिच्या पायाशी वाळूत पडलेले आहेत. हे तुकडेही खालून वर आणले. आणले आणि पूर्वी जसे पडले होते अगदी तसेच, तेवढ्याच अंतरावर, त्याच कुशीवर ठेवले. पडलेल्या दगडाची पडण्याची जागासुद्धा कुणीतरी मोजून, कागदावर उतरवून जपली. माणसाच्या हातून झालेलं इतकं प्रेमाचं काम मी फार कमी पाहिलंय. मला तिथं रडू आलं.

गाईड पाण्याकडे तोंड करून उभा होता. त्याने दक्षिणेकडे हात केला. "त्या बाजूला, खाली, बल्लाना. आमचं गाव." बल्लानाच्या जुन्या राजांच्या थडग्यांतून निघालेले रत्नजडित चांदीचे मुकुट संग्रहालयांत आहेत. आईने विचारलं, "गावातले सगळे एकत्र गेले का?" त्यावर त्याने आम्हाला घरी बोलावलं.

अबू सिंबेलहून अस्वान वाळवंटातून पावणेतीनशे किलोमीटरच्या वर. त्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की डावी-उजवीकडे सारखं पाणी दिसतं आणि ते नसतं. फिलेचं देऊळ दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं. तेही असंच उचलून शेजारच्या बेटावर ठेवलेलं, आणि चित्रलिपीतला आजवर सापडलेला सर्वांत शेवटचा लेख, इसवी सन ३९४ चा, त्याच देवळात आहे. दुपारी बाकीची मंडळी कोम ओम्बोचं देऊळ बघत असताना गाईडचा भाऊ आम्हा दोघींना गाडीतून त्यांच्या गावी घेऊन गेला. गावाचं नावही बल्लानाच. उठवलेल्या गावांना कोम ओम्बोच्या भागात जुनीच नावं दिली आहेत.

सरळ रेषेत घरं. दाराच्या वर भिंतीत बसवलेल्या चिनी मातीच्या बशा, निळा रंग. आजी अंगणात खाटेवर बसली होती, ऐंशीच्या पुढची, काळ्या पातळ वस्त्रात. ती नुबियन बोलायची, तिची नात, जी शाळेत शिकवते, ती इंग्रजी करायची, मी मराठी. तीन भाषांतून एक वाक्य जायचं आणि तरी दोघी एकमेकींकडेच बघून बोलत होत्या. करकदे आलं, लालभडक, थंड. आईने एक घोट घेतला आणि म्हणाली, "ही तर लाल अंबाडी."

आजी तेव्हा नवी सून होती. १९६३ च्या शरदापासून नऊ-दहा महिन्यांत सगळं नुबिया रिकामं केलं. निघायच्या आदल्या दिवशी सगळे कबरस्तानात गेले, थडगी झाडली, त्यांच्यावर पाणी शिंपडलं. घराच्या भिंतींचे मुके घेतले. मग आगबोट. इथं आल्यावर घरं खोल्यांच्या हिशेबाने वाटली होती. दोन खोल्यांची एक ओळ, तीन खोल्यांची दुसरी, चारची तिसरी. ज्याचं कुटुंब जेवढं त्याला तेवढ्या खोल्यांच्या ओळीत. जुन्या गावात आजीच्या शेजारी तिची थोरली बहीण राहायची, भिंतीला भिंत लागून. तिची ओळ वेगळी आली. पहिल्या वर्षी लहान मुलं आणि म्हातारी माणसं पुष्कळ गेली. आणि नदी दिसेना. जन्मभर दारातून नदी दिसायची.

मी पायाशी पडलेल्या त्या दगडी डोक्याचा विचार करत होते. दगडाचा शेजार मोजून ठेवला होता आणि माणसांचा शेजार कुणी कागदावर उतरवला नव्हता. त्या मोहिमेतल्या लोकांना मी दोष देत नाही, त्यांनी त्यांचं काम जिवापाड केलं. पण हे दोन्ही एकाच नदीवर, एकाच वर्षांत झालं, आणि एवढ्या आवडीने देवळं बघून आल्यावर ते मला लिहिलंच पाहिजे.

आईने सांगितलं, की तिच्या आईने जुन्या घरातून तुळशीवृंदावनातली माती आणली होती. नव्या गावठाणात अंगण एवढंसं, पण तुळस आधी लावली. मोजणीला आलेल्यांनी झाडं मोजली, विहीर मोजली. आजी मान हलवत होती. त्यांचे खजूरही मोजले होते म्हणाली.

मग आजीने विचारलं, तुमचं पाणी कधी उतरतं का?

आई म्हणाली, उतरतं. दुष्काळ पडला की उतरतं. मे महिन्यात आधी शिखर दिसतं. मग होडी जाते. आणखी उतरलं की चालत जाता येतं, पायाखाली चिखल वाळून भेगा पडलेल्या असतात. आमच्या घराच्या जोत्याचे दगडही सापडतात, वेशीकडून मोजत गेलं की.

नात हे सगळं सांगत होती तेव्हा आजीने आईचा हात हातात घेतला होता. तिने हळू काहीतरी विचारलं. नातीने ते थोडं थांबून इंग्रजीत सांगितलं: तिथं गेल्यावर तुम्ही काय करता?

"काय करणार?" आई म्हणाली. "गाळ काढतो. मंग पाया पडतो."

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग नातीकडे न बघता, थेट आईला, तिच्या भाषेत एक वाक्य बोलली. नात म्हणाली, ती म्हणतेय, आमचं कधीच वर येत नाही. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, मंडळी देऊळ बघून निघाली होती. आई उठली नाही. आजीने तिच्या पेल्यात आणखी करकदे ओतलं.